टेबल, खोली आणि आपलं लिखाण



दिवाळी अंक चाळला की एक मजकूर हमखास सापडतो. थोर कादंबरीकार लिहितात कसे? पहाटे चारला उठतात. खिडकीशी टेबल, टेबलावर कोरे कागद, ठरावीक पेन, पाठीमागं भिंतभर पुस्तकं. दुपारी बारापर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पोरांना बाहेर धाडलेलं. बाईसाहेब दाराशी राखणीला. सोबत फोटो, हनुवटीवर हात ठेवलेला. शेवटी मुलाखतकार विचारतो, प्रेरणा कुठून येते? प्रेरणेचा पत्ता सांगितला जातो. खोलीचं भाडं कोण भरतं आणि चहाचे कप कोण विसळतं, ते कुणी विचारत नाही.

हा मजकूर निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाही. नशिराबादसारख्या गावात एका अंगाला हायवेवरचे ट्रक रात्रभर धडधडतात, दुसऱ्या अंगाला भादलीकडून गाडीच्या शिट्ट्या येतात, आणि मधे आपल्या वस्तीत एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात. बाप भुसावळला रेल्वेत नाहीतर कुठं सिमेंटच्या धुळीत, आई मजुरीला, धाकटी भावंडं दिव्यासाठी भांडतायत. ह्या घरातलं पोरगं तो मजकूर वाचतं, फोटोतल्या टेबलाकडं बघतं, मग आपल्या घराकडं बघतं आणि मनातल्या मनात वही मिटून टाकतं. जातीनं त्याला विहिरीवरून हाकललं तेव्हा त्याला ते कळलं तरी होतं. इथं हाकललेलं कळतसुद्धा नाही. ते समजतं की आपल्यातच काही नाही.

आपल्या समीक्षेनं जात तपासली, वर्ग तपासला, भाषा तपासली. शिव्या का आल्या, बोली का आली ह्यावर परिसंवाद झाले. आपल्या धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी १९८८ साली 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' लिहून प्रश्न मुळापर्यंत नेला. पण पुस्तक जिथं बसून लिहिलं गेलं त्या जागेचा, आणि ज्या वेळात लिहिलं गेलं त्या वेळेचा हिशेब आपण फार थोडा मागितला. तो मागितला तर पुस्तकांचा आकारच वेगळा दिसायला लागतो. उदाहरण घेऊनच बोलू.

१९६३ साली मराठीत दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. दुसरं बाबूराव बागुलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती'. पहिला लेखक आपल्याच जिल्ह्यातला, तापीपलीकडच्या सांगवीचा. दुसरा नाशिककडचा, वाढला मुंबईच्या माटुंगा लेबर कँपात. दोन्ही पुस्तकांवर ढीगभर लिहून झालंय. पण दोन्ही पुस्तकांत एक तरुण आहे आणि एक खोली आहे, हे शेजारी ठेवून कुणी वाचलंय का? वाचून बघा.

पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो. होस्टेलात खोली मिळते. त्या खोलीत तो कंटाळतो, उदास होतो, स्वतःशी बोलतो, पुन्हा कंटाळतो. बापाशी पैशावरून खटके उडतात, पण पैसे येतात. सगळं फसलं तरी परतायला गाव आहे, गावात घर आहे, घरामागं शेती आहे. खोली मिळेल का, हा प्रश्न त्या कादंबरीला पडतच नाही. आणि लेखकानंही ती तशीच लिहिली. मुंबईत जम बसला नाही, गावी परतले आणि पंचविशीच्या वयात सांगवीला बसून थोड्या दिवसांत कादंबरी हातावेगळी केली. घरचं धान्य होतं. लिहिणाऱ्याला दोन वेळा जेवायला घालणारं घर होतं.

बागुलांच्या शीर्षककथेतल्या तरुणाला गुजरातेत रेल्वेची नोकरी लागलीय. नोकरी आहे, पगार आहे, अंगात रग आहे. नाही ती खोली. खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो जातीचा. जात चोरली तर खोली मिळते. आणि जात उघडी पडते तेव्हा ज्या छपराखाली तो राहिला तिथंच त्याला मार खावा लागतो. आपल्या भुसावळहून सुरतेकडं जी लाईन जाते त्या लाईनवर आपल्या किती बापजाद्यांनी हेच भोगलं, ते आपापल्या घरी विचारा. बागुलांनी स्वतः सुरतेला रेल्वेत नोकरी केली होती. त्यामुळं ही कथा कुठल्या टेबलावर सुचलेली नाही.

आता आकाराचं बोलू. 'कोसला'तलं ते लांबलचक स्वगत, ते रमतगमत चालणं, मधेच डायरी, मधेच थट्टा. हे सगळं दार लावून घेता येणाऱ्या माणसाचं गद्य आहे. दार लावलं की माणूस स्वतःच्या आत उतरतो, तिथं त्याला निरर्थकता सापडते, मग समीक्षक तिला अस्तित्ववाद म्हणतात. बागुलांच्या कथेला असलं उतरणं परवडत नाही. तिच्यातला माणूस सतत कान टवकारून बसलेला आहे. बाहेर पाऊल वाजलं की वाक्य तुटतं. कथा धडका देत चालते, विशेषणं एकावर एक आदळतात, आवाज चढतो. ह्या चढलेल्या आवाजाला आक्रस्ताळेपणा म्हणून नाकं मुरडली गेली. आवाज का चढला? भिंतीपलीकडं मारेकरी आहे म्हणून.

'कोसला' वाईट कादंबरी आहे असं माझं म्हणणं नाही. मराठी कादंबरीतला खोटा गोडवा तिनं मोडला, त्याबद्दल तिचं ऋण मानायला माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की तिचा एकांत हा सगळ्या माणसांचा एकांत म्हणून आपल्यापुढं ठेवला गेला, आणि आपल्यातल्या काहींनी तो उसना घेतला. आठ माणसांच्या घरातला कवी लिहितो की मी ह्या रिकाम्या खोलीत एकटा आहे. कुठली रिकामी खोली रे बाबा? तुझ्या उशाशी तुझी आजी खोकतेय, तिच्यावर लिही की.

ह्या सगळ्या हिशेबात सर्वांत मोठा माणूस अण्णाभाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात मांगाच्या घरात जन्म. शाळा दीड-दोन दिवसांची. बापाबरोबर पायी मुंबई गाठली. पडेल ती कामं, गिरणी, मग कम्युनिस्ट पक्ष, माटुंगा लेबर कँप, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. नंतरचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ ला गेले तेव्हा वयाची एकोणपन्नास वर्षं भरायला दोन आठवडे कमी होते. एवढ्या आयुष्यात पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रहांची रांग, लोकनाट्यं, पोवाडे, लावण्या, रशियाचं प्रवासवर्णन. पस्तीस कादंबऱ्या! खिडकीशी टेबल असलेल्यांनी आयुष्यभरात किती लिहिल्या ते मोजून बघा.

हे लिखाण कसं झालं असेल, ते कळायला कुणी मुलाखत घ्यायची गरज नाही. पुस्तकंच सांगतात. 'फकिरा' घ्या. १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. पहिल्या पानापासून ती उघड्यावर घडते. राणोजी शिगावची जोगणी आणायला निघतो ती वाट, डोंगर, रान, चावडी, हजेरी, लुटलेला खजिना, दुष्काळात वाटलेलं धान्य. बंद खोलीतला एकट्या माणसाचा विचार तिच्यात शोधून सापडत नाही. जे काही ठरतं ते चारचौघांत ठरतं आणि मोठ्यानं बोलून ठरतं. ह्याचं कारण नुसता विषय नव्हे. लिहिणारा शाहीर आहे. शाहिराची रचना माणसांच्या गर्दीत होते, ढोलकीच्या ठेक्यावर होते, समोरचा ऐकणारा जांभई द्यायला लागला तर तिथल्या तिथं वळण घेते. त्याला दार लावायची सवय नसते, कारण दार लावलं तर त्याची कला मरते. 'फकिरा'चं एखादं प्रकरण वस्तीत मोठ्यानं वाचून बघा. मनात वाचताना जी वाक्यं साधी वाटतात ती तोंडून बाहेर पडली की उभी राहतात. प्रकरण संपतं तिथं हलगीची थाप पडल्यासारखं संपतं. चिरागनगरसारख्या वस्तीत शांतता नव्हती, हे खरं. पण ह्या गद्याला शांततेची भूकच नव्हती. गोंगाट त्याचा शत्रू नव्हता. शत्रू दुसराच होता.

तो शत्रू म्हणजे पोट. आणि इथं आपण भक्त होऊन चालणार नाही. अण्णाभाऊंच्या सगळ्याच कादंबऱ्या 'फकिरा'च्या तोडीच्या नाहीत. नायक वाघ, नायिका देखणी, खलनायक पहिल्या वाक्यापासून काळाकुट्ट. ऐन वेळी योगायोग धावून येतो. काही कादंबऱ्या तर सिनेमाच्या पटकथेसारख्या पळतात, आणि त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघालेही. प्रस्थापित समीक्षेनं ह्यावर एक शिक्का मारला, 'रंजनवादी', आणि फाईल बंद केली. आपल्या बाजूनं काय झालं? आपण जयंतीला हार घातला, आणि दोष काढणाऱ्याला बामणी ठरवून फाईल आपणही बंद केली. दोन्हीकडून अण्णाभाऊ न वाचलेलेच राहिले.

मला विचाराल तर ह्या दोषांचा हिशेब असा मांडला पाहिजे. ज्या लेखकाला हस्तलिखित सहा महिने बाजूला ठेवून परत वाचता येतं तो दुसरा खर्डा लिहितो, तिसरा लिहितो. बाजूला ठेवण्याचे सहा महिने कुणीतरी पोसावे लागतात. नोकरी पोसते, जमीन पोसते, वडिलांचं घर पोसतं. लेखणीशिवाय दुसरं उत्पन्न नसलेला माणूस आज लिहिलेलं उद्या विकतो. दुसरा खर्डा त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणजे आपल्याला ज्या जागी कच्चेपणा दिसतो तिथं प्रतिभा कमी पडलेली नसते, दिवस कमी पडलेले असतात. हे सांगून मी सवलत मागत नाही. कच्चं ते कच्चंच म्हणा. पण कच्चं का राहिलं तेही त्याच श्वासात लिहा. तेवढं न लिहिणारी समीक्षा ही भरल्या पोटाची समीक्षा.

आणि जिथं दिवस पुरले तिथं काय घडलं? 'स्मशानातलं सोनं' वाचा. खाण बंद पडते, भीमा बेकार होतो, आणि मुंबईच्या उपनगरातल्या मसणवटीत मढी उकरून सोन्याचे कण शोधायला लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, हात निकामी होतो. आणि तेव्हा कळतं की खाण पुन्हा सुरू झालीय. एकही वाक्य जास्तीचं नाही. कुठं दया मागितलेली नाही. ही कथा लिहिणाऱ्याला रोजंदारी बंद पडणं म्हणजे काय ते ऐकून माहीत नव्हतं, शेजारच्या झोपडीत रोज दिसत होतं. टेबल नसण्यानं त्यांचं जे गेलं त्याचा हिशेब केला, तर चिरागनगरनं जे दिलं त्याचाही करावा लागतो.

मात्र इथं एक खड्डा आहे. झोपडीतच अस्सल साहित्य जन्मतं, असं म्हणायला लागलो की आपण त्यात पडलो. हे वाक्य झोपडीबाहेरच्यांना फार आवडतं, कारण मग झोपडी हलवायला नको. अण्णाभाऊंना शेवटी शेवटी गोरेगावला सरकारी घर मिळालं, तोवर शरीर संपलं होतं. १९६१ साली ज्या मॉस्कोत ते पाहुणे म्हणून फिरले तिथं २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याला माझा विरोध नाही. पण त्या दोन सालांच्या मधे लेखकाला छप्पर देण्याचं साधं काम होतं, ते राहून गेलं.

(एक वाद आपल्या पोरांत अजून चालतो, की ते लाल बावट्याचे, मग आपले कसे. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलीय. १९५८ च्या मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं, आणि पृथ्वी शेषावर नाही, कष्टकरी दलितांच्या हातावर उभी आहे, हे तिथं सांगितलं. आता वाद पुरे.)

बाबासाहेबांचं उदाहरण ह्या बाबतीत नेहमी अर्धंच सांगितलं जातं. परळच्या डबक चाळीत एकच खोली. तिच्यात सामानसुमान, धूर, जातं, कोपऱ्यात शेळी. रामजीबाबा पोराला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. घर झोपलेलं असताना जी शांतता मिळते ती बापानं स्वतःची झोप मोडून विकत घेतली. हे आपण सांगतो आणि पोरांना म्हणतो, बघा, त्यांनी केलं, तुम्हाला काय धाड भरलीय? इथंच थांबलो तर ती गोष्ट पोरांच्या पाठीवर मारायची काठी होते. पुढचं अर्धं असं की त्या चाळीतून निघालेल्या माणसानं हातात पैसा येताच दादरला 'राजगृह' बांधलं, ते ग्रंथांसाठी. मग १९४६ ला सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. आणि तिथं वसतिगृहं. खेड्यातून आलेल्या पोराला एक खाट, एक दिवा आणि ग्रंथालयाचं दार. साठच्या दशकाच्या अखेरीला गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' त्याच नागसेनवनाच्या परिसरातून निघालं. दलित साहित्याचं मूळ आपण वेदनेत शोधतो, विद्रोहात शोधतो. शोधा. पण ते वसतिगृहाच्या खाटेवरही शोधा. वेदना हजारो वर्षं होती. खाट नवी होती.

आपल्या खानदेशाशी नातं असलेलं आणखी एक उदाहरण. अमळनेरच्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, मोजक्या दिवसांत. सरकारनं खोली दिली! आणि इथून हाकेच्या अंतरावरच्या असोद्याच्या बहिणाबाईंना तीही मिळाली नाही. जातं आणि शेत हेच त्यांचं टेबल. अक्षर येत नव्हतं, घरच्यांनी कानावर पडलं ते उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. आपल्या आयांनी जात्यावर बाबासाहेबांच्या किती ओव्या गायल्या. उतरवून घेणारं पोरगं ज्या घरात नव्हतं तिथल्या पिठाबरोबर गेल्या.

बाहेर काय आहे? व्हर्जिनिया वूल्फ नावाच्या इंग्रज लेखिकेनं १९२९ साली ठणकावून लिहिलं की बाईला कादंबरी लिहायची तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली पाहिजे. बरोबर आहे. फक्त तिच्या निबंधातल्या बाईला ते पाचशे पौंड मिळतात कुठून? आत्या मुंबईत घोड्यावरून पडून मेली, तिच्या मृत्युपत्रातून. त्या सालात मुंबईत आपली माणसं काय करत होती ते सांगायला नको. अमेरिकेतला काळा लेखक रिचर्ड राईट मला जास्त जवळचा वाटतो. १९४० ला आलेली त्याची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी त्यानं पुष्कळशी ब्रुकलिनमधल्या एका बागेत बसून लिहिली, सकाळी लवकर जाऊन, कागदाचं पॅड मांडीवर घेऊन. राहायला मित्रांच्या घरी होता. दुसऱ्याचं घर आणि सार्वजनिक बाग, एवढ्या भांडवलावर ती कादंबरी उभी आहे.

आता घरात येऊ. हे बोलणं आपल्याला झोंबणार आहे, म्हणून शेवटी ठेवलं.

फलटणच्या बेबीताई कांबळे. लहानसं दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दी यायची, ती वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायच्या. आणि वही लपवायच्या. कुणापासून? सवर्णांपासून नव्हे. नवऱ्यापासून, घरातल्या माणसांपासून. बाईनं लिहावं हे घरात रुचणारं नव्हतं. वीस वर्षांच्या आसपास ते लिखाण असं दडून राहिलं. परदेशातून येऊन फलटणला राहिलेल्या मॅक्सिन बर्नसन यांच्या हाती लागलं तेव्हा १९८२ साली 'स्त्री' मासिकात आलं आणि १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. त्यात त्यांनी महारवाड्यातल्या बाईचं जगणं उघडं केलंय, आणि सुनेला छळणारी आपली घरंही झाकलेली नाहीत. ते पुस्तक तुकड्यातुकड्यांनी चालतं. एक सण, एक बाळंतपण, एक लग्न, एक सभा. नायक नाही, चढता आलेख नाही. विस्कळीत आहे, असं आपल्यातल्याच शिकलेल्यांनी म्हटलं तर मला नवल वाटणार नाही. गिऱ्हाईक आलं की पेन खाली ठेवायचं, नवरा आला की वही दडवायची. अशा लिखाणाला चढता आलेख कुठून येणार? पण त्यामुळंच त्यात एक गोष्ट आली जी आपल्या पुरुषांच्या आत्मकथनांत क्वचित येते. त्यात 'मी' फार कमी आहे आणि 'आम्ही' जागोजाग आहे. दुकानात बसलेल्या बाईला वस्ती दिवसभर येऊन आपलं सांगून जाते, तेच कागदावर उतरलं.

बागुलांच्या तरुणाला खोलीसाठी जात चोरावी लागली. बेबीताईंना लिहिण्यासाठी स्वतःच्याच घरात वेळ चोरावा लागला. पहिल्या चोरीवर आपण मोर्चे काढले. दुसरीवर?

आपल्या कार्यकर्त्यांच्या घरात जे एक टेबल असतं त्याच्यावर बाबासाहेबांचा फोटो असतो, चळवळीची पत्रकं असतात आणि खुर्चीवर आपण असतो. बैठक आपल्या घरी, चहा तिच्याकडून. ती शिकलेली आहे, तिच्याकडंही सांगण्यासारखं आहे, आणि ती कुठं लिहिते हे आपल्याला माहीत नाही. आपल्याही घरात एखादी वही गहू-ज्वारीच्या डब्यामागं असेल.

गावोगावी विहारं उभी राहिली. वंदना झाली की कुलूप. माझी सूचना अशी, की ज्या विहाराची किल्ली आपल्याकडं आहे ते रात्री नऊ ते बारा उघडं ठेवा. सतरंजी, दोन दिवे, चार पाट. अभ्यासाला पोरं बसतील, कोपऱ्यात लिहिणारे बसतील. आठवड्यातले दोन दिवस फक्त बायांसाठी, आणि त्या दिवशी घरची पोरं सांभाळायला पुरुष. खर्च म्हणाल तर विजेचं बिल, ते वर्गणीतून भागेल. नशिराबादला आम्ही हे करायचं बोललोय. झालं तर कळवू, नाही झालं तर का नाही झालं तेही कळवू.

आणि पुढच्या अंकासाठी कथा-कविता पाठवताना खाली दोन ओळी लिहा. हे कुठं बसून लिहिलं, किती वाजता, आणि तेव्हा घरात कोण जागं होतं. मजकुरासोबत आम्ही त्या ओळीही छापू.